आमटी छान होती

प्रिय बाबा,

मला तुमचा संशय आहे. गेलेल्या माणसाला असं लिहू नये म्हणतात, पण संशय घ्यायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा ऐकून घ्या.

आज सकाळी वर्षाने तुमचे आणि भाऊकाकांचे सगळे मेसेज मला पाठवून दिले. मीच मागितले होते. तुमची लाडकी पुतणी तयार नव्हती. म्हणाली, दादा, त्यात वाचण्यासारखं काही नाही, माझं पाप आहे ते. मी म्हटलं, असू दे, तरी पाठव. मग पेपरला द्यायचा लेख बाजूला ठेवून दुपारपर्यंत तेच वाचत बसलो. लेख वेळेवर गेला, काळजी नसावी. पण आता तुम्हाला लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही.

तुम्ही गेलात तेव्हा हॉस्पिटलच्या पार्किंगमधून पहिला फोन मी वर्षाला केला होता. भाऊकाकांना ऐकू येत नाही, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाला ही बातमी तीच सांगणार. काकांना एकदम सांगू नकोस, आधी चहा दे, शेजारच्या कुणाला तरी बोलावून घे, असं बरंच बोललो. मग ती म्हणाली, "दादा, कुणाला सांगू? माझे बाबा एप्रिलमध्येच गेले."

एप्रिलमध्ये! आणि ऑगस्ट संपेपर्यंत तुमच्या फोनवर भाऊकाका रोज येत होते. जेवलो, औषध घेतलं, बाकी ठीक.

तिची बाजू मी नंतर शांतपणे ऐकून घेतली. साथीच्या त्या दिवसांत पुण्यात काय चाललं होतं ते आपण टीव्हीवर बघतच होतो. भाऊकाकांना तिने दवाखान्याच्या दारात सोडलं ते शेवटचंच. तुमच्या हृदयात नुकत्याच स्प्रिंगा बसवलेल्या, डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलेलं, आणि विमानं तरी कुठे होती? तुम्ही इथे बसून नुसते झुराल, म्हणून तिने ठरवलं. सगळ्या नातेवाइकांना गप्प बसवलं आणि भाऊकाकांचा फोन स्वतः चालवायला घेतला. मला का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणते, "दादा, तुझ्या पोटात काही राहतं का? तू बातमीवाला."



पण तेव्हापासून तिला चैन नाही. काका (म्हणजे तुम्ही) माझ्यावर विश्वास ठेवून लिहीत राहिले आणि मी त्यांना शेवटपर्यंत फसवलं, हे एकच पालुपद. मी समजूत घालतो, पटत नाही. पटावं कसं? समजूत म्हणजे काही पुरावा नव्हे.

म्हणून विचारतो बाबा, तुम्ही खरंच फसलात का?

बँकेत सगळी उमेद तुम्ही सह्या जुळवण्यात घालवलीत. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर आईची सही बघून तुम्ही म्हणाला होतात, ही तिने स्वयंपाक करता करता केलेली आहे. आणि खरंच तिच्या हाताला कणीक होती. असा माणूस चार महिने धाकट्या भावाच्या जागी दुसऱ्या कुणाशी बोलतो आणि त्याला कळत नाही? माझ्या संपादकाने अशी बातमी माझ्या तोंडावर फेकली असती.

आणि त्यात जोसेफचं प्रकरण.

तीन महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे परदेशात आलात आणि ब्लॅकटाउनला अडकलात. पहिले काही महिने तुम्ही शेजाऱ्याच्या पालापाचोळा उडवायच्या यंत्राला शिव्या घालण्यात काढलेत. एवढा मोठा देश आणि पायी जाण्यासारखं एक दुकान नाही! मग तुमच्या नातीनेच, ईराने, एक युक्ती काढली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं एका ग्रंथालयाने नेटवर टाकली होती. जुनं वळणदार इंग्रजी अक्षर हल्लीच्या मुलांना लागत नाही, म्हणून ते जगभरच्या लोकांकडून टाइप करून घेत होते. तुम्हाला लागत होतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून नऊ वाजता मागच्या खोलीत कामावर हजर!

ईरा म्हणायची, आजोबा, यू आर रीडिंग समवन एल्सेस मेल ऑल डे. तुम्ही म्हणायचात, दीडशे वर्षं झाली, आता चालतं.

जोसेफ तुमच्या वाट्याला आलेला. शेतावरचा मुलगा, आईला लिहिणारा. तुम्ही त्याला जोसेफराव म्हणायचात, कारण त्याचा स्वभाव तुमच्यासारखाच. प्रत्येक पत्रात तक्रारी. बिस्किटं दगडासारखी, बुटांत पाणी, कॅप्टन मूर्ख, आणि तंबूतला जोडीदार रात्रभर घोरतो. घोरण्याशिवाय एक पत्र नव्हतं. जेवताना तुम्ही आम्हाला सांगायचात, आज जोसेफराव त्या घोरणाऱ्याच्या तोंडात मोजा कोंबणार होते. तुमच्या सुनेला, मानसीला, हसू आवरायचं नाही.

मग एका लढाईनंतर काही काळ पत्रच नाही. आणि त्यानंतरची पत्रं आली ती सगळी गोड. जेवण चांगलं आहे, कॅप्टन दयाळू आहे, आई, तू काळजी करू नकोस. तुम्ही दोन दिवस टाइप केलं नाहीत. नुसती मागची-पुढची पानं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून बसलात. तिसऱ्या दिवशी जेवताना जाहीर केलंत, "सही जुळते. माणूस जुळत नाही."

मी वाद घातला होता, आठवतं? म्हटलं, लढाई बघितलेला माणूस बदलतो, आईला त्रास नको म्हणून गोड लिहितो. तुम्ही म्हणालात, "बदलू दे. पण घोरणं कुठे गेलं? घोरणारा स्वतःच लिहीत असेल, तरच ते जाईल."

तुमच्या मते जोसेफ त्या लढाईत गेला होता आणि तंबूतला तो जोडीदार त्याच्या अक्षरात त्याच्या आईला लिहीत होता. शेऱ्याच्या जागी तुम्ही टाकलंत, लेखक तोच असल्याची खात्री नाही. ग्रंथालयाने आभार मानले आणि पुढचं पान पाठवलं. बँकेतही असंच व्हायचं, म्हणालात.

हे सगळं जानेवारीतलं. म्हणजे एप्रिल आला तेव्हा तुम्ही तयारीत होतात. आता मी आज काय वाचलं ते सांगतो.

भाऊकाकांचे खरे मेसेज म्हणजे जोसेफचीच पत्रं हो! सोसायटीचा चेअरमन चोर, पेपरवाला उशिरा येतो, कबुतरांनी गॅलरीची वाट लावली. आणि रोज, न चुकता, आमटी. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि वर्षा ते कटाक्षाने पाळायची. आज पुन्हा अळणी. वर्षा मला मिठावाचून मारणार. आमटी होती की गरम पाणी ते कळलं नाही. तुम्ही उलट लिहायचात, निदान आमटी तरी मिळते, इथे मानसी पास्ता करते. (हे मी मानसीला दाखवलेलं नाही.)

मग वर्षाचे मेसेज सुरू होतात. तिने मेहनत घेतली आहे, बाबा. काकांसारखेच पूर्णविराम गाळलेले, शेवटी बाकी ठीक, चेअरमन चोर, कबुतरं हजर. मला तर फरक कळला नसता. फक्त आमटी नाही. स्वतःच्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचं तिला सुचलंच नसेल. की सुचलं, पण हात धजला नाही?

असे बरेच दिवस जातात. तुम्ही काही बोलत नाही. मग एका दुपारी तुम्ही विचारता, आज आमटी कशी होती?

उत्तर येतं, छान होती बाकी ठीक.

त्यानंतर तुम्ही आमटीचं नाव काढलेलं नाही. एकदाही नाही.

इथपर्यंत आलो आणि मी खुर्चीतून उठलो. बातमीवाल्याची खोड, एक धागा मिळाला की दुसरा शोधायचा. त्या दिवशी आपल्या घरात काय चाललं होतं? आपल्या घरच्या ग्रुपवर मागे गेलो. त्याच संध्याकाळी ईराने चिडून लिहिलं होतं, हू यूज्ड ऑल द हॉट वॉटर? अगेन?

आणि मला सगळं आठवलं. गरम पाणी तुम्ही संपवलं होतंत. सकाळी आंघोळ झालेली असताना तिन्हीसांजेला डोक्यावरून दुसरी आंघोळ! ब्लॅकटाउनच्या गार वाऱ्याला नावं ठेवणारा माणूस ओल्या केसांनी मागच्या अंगणात उभा होता, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी. मी विचारलं, हे काय, आत्ता आंघोळ? तुम्ही म्हणालात, घाम आला होता.

घाम! मी विश्वास ठेवला. आपल्याकडे माणूस अवेळी आंघोळ कधी करतो, हे मला माहीत नव्हतं का? कुणी गेल्याचं कळलं की करतो. तुम्ही भावाच्या नावाने आंघोळ केलीत, दोरीवरचे कपडे ओलेच काढलेत, त्यांच्या नीट घड्या घातल्यात आणि आमच्याबरोबर जेवायला बसलात. मानसीने त्या ओल्या घड्यांवरून तुमची चेष्टा केली, तर तुम्हीही हसलात.

बाबा, का नाही सांगितलंत? आम्ही भिंतीपलीकडे होतो. मी, मानसी, ईरा, सगळे. धाकट्या भावाचं दुःख तुम्ही त्या मागच्या खोलीत एकट्याने केलंत आणि आम्ही तुम्हाला पास्ता वाढत राहिलो. वर्षाने तुमच्यापासून लपवलं, तुम्ही आमच्यापासून. आपल्या घराण्यात कुणाला सरळ सांगता येतं की नाही?

त्या दुपारनंतर तुमचेही मेसेज बदलतात. तुमच्या तक्रारी संपतात. यंत्रवाला शेजारी नाही, थंडी नाही, पास्ता नाही. त्याऐवजी, वर्षा जेवली का? वर्षाला म्हणावं, शाळेच्या तपासायच्या वह्यांपायी झोप मोडू नकोस. तिला त्रास देऊ नकोस रे, पोर एकटी सगळं करते. वर्षा हसते का हल्ली?

पोर एकटी सगळं करते. भाऊ घरात असताना पोर एकटी कशी, बाबा?

कोर्टात टिकेल असा पुरावा माझ्याकडे नाही. आमटीचा प्रश्न योगायोग असेल. तुम्हाला खरंच घाम आला असेल. म्हातारपणी माणूस मऊ होतो, असंही मीच कधीतरी लिहिलं असेन. पण जूनमध्ये एकदा मी तुम्हाला जोसेफच्या आईबद्दल विचारलं होतं. घरून गेलेली पत्रं मागे राहिली नव्हती, फक्त त्याच्याकडून आलेलीच होती, म्हणून त्या बाईला कळलं होतं की नाही ते कुणालाच ठाऊक नाही. मी म्हटलं, बिचारी फसली. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "कळलं असणार. पण तिने पत्र थांबवलं असतं, तर त्या घोरणाऱ्याला कोण होतं?"

मी तेव्हा मान डोलावली आणि उठून गेलो. मला वाटलं, तुम्ही अमेरिकेबद्दल बोलताय.

थोड्या वेळापूर्वी वर्षाला फोन केला. तिची शाळा ऑनलाइनच चालू आहे, मधल्या सुट्टीत सापडली. जोसेफ, घोरणं, आमटी, आंघोळ, सगळं ओळीने सांगितलं. मग तिने विचारलं, "म्हणजे काका मला लिहीत होते?"

हो म्हटलं. म्हणाली, थांब जरा. फोन चालू ठेवून ती मेसेज पुन्हा वाचत असावी. बऱ्याच वेळाने म्हणाली, तरी एकदा सांगायचं ना त्यांनी, मला रडता तरी आलं असतं. आणि मग रडली. मी थांबलो. तिकडे तास सुरू व्हायची वेळ झाली, मुलं मिस, मिस करायला लागली, तरी तिने त्यांना थांबवून ठेवलं.

तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं की नाही, ते मला फोनवर कळलं नाही. पाप हा शब्द मात्र तिने पुन्हा काढला नाही.

आता विमानं सुरू होतील म्हणतात. झाली की तुमच्या अस्थी घेऊन मी पुण्याला जातोय. भाऊकाकांच्या तिने आळंदीला सोडल्या, तुमच्याही तिथेच सोडू. आणि एक शब्द देतो. त्या दिवशी घरी आल्यावर मी भाऊकाकांच्या जागेवर जेवायला बसेन. वर्षा आमटी वाढेल. ती कशीही झालेली असो, पहिल्याच घोटाला मी म्हणेन, अळणी आहे. आणि त्यानंतर दर रविवारी ब्लॅकटाउनहून तिला तेच लिहीन, थंडीच्या, पास्त्याच्या आणि संपादकाच्या तक्रारींसकट. ज्या रविवारी माझ्या मेसेजमध्ये तक्रार नसेल, त्या रविवारी तिने ताबडतोब फोन करायचा, एवढं आमचं ठरलं आहे.

तुम्ही हे पत्रही तपासून बघणार, माहीत आहे. म्हणून सांगतो, शेजाऱ्याचं यंत्र आत्ताही सुरू आहे, मानसीने आज पुन्हा पास्ता केलाय, आणि तुमच्याशिवाय मागच्या खोलीत बसवत नाही.

माणूस जुळतो का बघा.

तुमचा,
नंदू