ब्लाटमधलं एक वाक्य

आई, मी सतरा वर्षांची असताना तुला एकदा भित्री म्हणाले होते. त्यानंतर तू वीस वर्षं जगलीस आणि आपण दोघी त्याबद्दल एकदाही बोललो नाही. तुला जाऊन आता अकरा वर्षं झाली. एवढ्या उशिरा हे काढायचं कारण असं, की या वर्षी इथे जर्मनीत माझ्यावर जवळजवळ तीच वेळ आली, आणि त्या दिवसांत मला सारखी तूच दिसत होतीस, वाचनालयाच्या पायरीवर, हातात ओलं फडकं घेऊन.

हे गाव तू पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा आम्ही वाल्डॉर्फमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो आणि तुझी नात दोन वर्षांची होती. मग घर घेतलं ते ऑफिसपासून गाडीनं वीस मिनिटांवरच्या या खेड्यात. एक चर्च, एक बेकरी, एक सभागृह आणि चहूकडे श्पार्गेलची, म्हणजे पांढऱ्या ॲस्परॅगसची शेतं. मातीच्या लांब वरंब्यांतून पांढरे जाड कोंब निघतात, आणि वसंतात इथली माणसं दीड-दोन महिने दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाहीत. गावाचं एक पत्रक आहे, महिन्यातून एकदा निघतं, आठ पानी. सगळे त्याला नुसतं ब्लाट म्हणतात. रद्दी उचलायला गाडी कधी येणार, बँडची तालीम कुठल्या वारी, कोणाला ऐंशी पूर्ण झाली, कोणाचं मांजर हरवलं. ते चालवतात एक निवृत्त शिक्षिका. मी त्यांना मनातल्या मनात संपादकबाई म्हणते. सहा वर्षांपूर्वी बेकरीच्या रांगेत त्यांनी मला विचारलं, "तुम्ही लिहाल का आमच्यासाठी? तुमच्या चुका मी दुरुस्त करीन." माझी पहिली बातमी एका हरवलेल्या मांजराचीच. छापून आली तेव्हा मी ती नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. तुझा फळा आठवला. रोज सकाळी वाचनालय उघडण्याआधी तू बाहेरच्या फळ्यावर गावाच्या बातम्या लिहायचीस, व्याख्यान, निधन, नळाला पाणी येणार नाही, आणि संध्याकाळी घरी येऊन खडूनं पांढरे झालेले हात धुऊन त्याच हातांनी पीठ मळायला बसायचीस. नखांत खडू राहायचाच.

आमच्या शेजारी एक म्हातारा राहतो. सुतार होता, आता गावाच्या बँडचा प्रमुख आहे. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात त्यानं न विचारता शिडी आणून दिली, बर्फ ओढायचं फावडं दिलं, आणि कचऱ्याच्या चार डब्यांत काय कुठे टाकायचं ते एका फळीच्या तुकड्यावर लिहून आमच्या भिंतीला ठोकून दिलं. तुझ्या नातीला सायकल त्यानंच शिकवली. तिचा हात मोडला तेव्हा नवरा पुण्यात होता, मी म्युनिकला मीटिंगमध्ये. हा तिला घेऊन दवाखान्यात बसला, चार तास, आणि मी पोचले तेव्हा तिला पत्ते शिकवत होता. ती त्याला ओपा म्हणते, म्हणजे आजोबा. तिसऱ्या वर्षी कुंपणापाशी उभं राहून त्यानं मला सांगितलं की आता 'सी' पुरे, आपण 'डू' म्हणू या. इकडे तुम्हीवरून तूवर येणं ही लहान गोष्ट नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. हे सगळं तुला आधी सांगून ठेवतेय, कारण पुढचं ऐकून तू त्याला एकदम वाईट माणूस ठरवशील. तसा तो नाही. तेच तर अवघड होतं.

या वसंतात बातमी आली की खेळाच्या मैदानामागच्या मोकळ्या जागेवर निर्वासित कुटुंबांसाठी कंटेनरची घरं उभारायची आहेत. गावाची सभा बोलावली. संपादकबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून वृत्तांत लिहायला मला पाठवलं. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, माणसं भिंतीला टेकून उभी होती. महापौर नकाशा दाखवत होता आणि कोणी नकाशाकडे बघत नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत, वही मांडीवर. आधी पार्किंगबद्दल बोलले, मग सांडपाण्याबद्दल, मग शाळेतल्या वर्गांबद्दल, आणि प्रत्येक जण बोलायला उठला की आवाज आधीच्यापेक्षा थोडा वर जायचा. मग माझ्या मागच्या रांगेतून आमचा शेजारी उठला. गावात त्याच्या शब्दाला मान आहे, हॉल शांत झाला. तो म्हणाला, "पार्किंगचं सोडा. कोणी बोलत नाही ते मी बोलतो. ही माणसं जनावरांसारखी वाढलेली असतात. उद्या आपल्या नातींनी संध्याकाळी घराबाहेर पडायचं की नाही?" आधी दोघांनीच टाळ्या वाजवल्या, मग खूप जणांनी. मी ते वाक्य वहीत शब्दशः उतरवून घेतलं. अक्षर इतकं वाकडं आलं की घरी आल्यावर मलाच लागेना.

शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात तो. नऊ वर्षांत त्यानं आमची घंटा कधी वाजवली नव्हती, तो बागेतूनच यायचा. आत आला नाही, टोपी हातात धरून पायपुसण्यावर उभा राहिला.

"ते तू लिहिणार नाहीयेस ना?" त्यानं विचारलं.

मी म्हणाले, "तू सगळ्यांसमोर बोललास."

"बोलणं वेगळं, छापणं वेगळं. माझी बायको ब्लाट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते. मुलगी वाचते, तिची सासू वाचते."

"मग ते खोटं आहे, असं छापू का? तू शब्द मागे घेतलेस, असं लिहू?"

तो बराच वेळ माझ्या खांद्यावरून आत घरात बघत होता. आत तुझी नात ब्रेडला लोणी लावत होती. "मागे घ्यायला मी काही चोरी केलेली नाही," तो म्हणाला. "मी तुला शेजारी म्हणून सांगायला आलो. मी तुझा शेजारी आहे की नाही?"

तो टोपी घालून गेला, आणि या खेपेला रस्त्यावरून वळसा घालून स्वतःच्या फाटकातून आत शिरला.

तेव्हापासून मजकूर देण्याच्या गुरुवारपर्यंत पाच दिवस होते. संपादकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिथे तू होतीस, मी नव्हते. तू लिहिशील तसं मी छापीन. फक्त खाली नाव तुझं येईल, हे लक्षात ठेव." नवरा स्पष्टच बोलला. आमचा नागरिकत्वाचा अर्ज चालू होता. "कोणाला कशाला दुखवायचं? लिही, 'काही ग्रामस्थांनी सुरक्षेबाबत चिंता व्यक्त केली'. खोटं नाही ते." खरंच, खोटं नव्हतं. इतकं गुळगुळीत होतं की कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मी ते लिहूनही पाहिलं. आणि लिहिलं तेव्हा तू आलीस.

वाचनालयाची वार्षिक सभा. खालच्या आळीतले एक मास्तर, रोज संध्याकाळी पेपर वाचायला येणारे, कार्यकारिणीसाठी उभे राहिले होते. अध्यक्ष भर सभेत हसून म्हणाले, "पुस्तकं हातात देतो ते पुरे नाही का? आता खुर्ची पण हवी?" दुसऱ्या दिवशी सकाळी तू सभेचा वृत्तांत फळ्यावर लिहिलास आणि ते वाक्य त्यात होतं, अवतरणचिन्हांत, अध्यक्षांच्या नावासकट. कॉलेजला जाताना मी ते वाचलं आणि मला तुझा इतका अभिमान वाटला की मी सायकलवरून उतरून पुन्हा वाचलं. दुपारी परत येतेय तर अध्यक्ष पायरीवर उभे आहेत, छत्रीचं टोक फरशीवर आपटत. आवाज अजिबात चढलेला नाही. "बाई, ओल्या फडक्यानं पुसा. कोरडं पुसलं की अक्षरं मागे राहतात." तू आत गेलीस, फडकं भिजवून आणलंस आणि पुसलंस. पुसून झाल्यावर ते म्हणाले, "तो कोपरा राहिला," आणि तू तो कोपराही पुसलास. घरी आल्यावर मी तुला म्हणाले, "भित्री आहेस तू." तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "तुला बोलायला काय जातं. उद्या सकाळी तिथलं कुलूप मला उघडायचंय." मास्तर त्यानंतर एकदाच आले, घरी राहिलेलं पुस्तक परत करायला, आणि तू रजिस्टरमधून मान वर केली नाहीस, हेही मी पाहिलं होतं. बाबा नव्हते, तुझ्या मागे कोणी नव्हतं. हे मला तेव्हा माहीत होतं. तरी म्हणाले.

गुरुवारी मी शेजाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, त्याच्या नावासकट. नवऱ्यानं वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. "झालं तुझं समाधान?" म्हणाला, आणि दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला. ब्लाट छापून आलं की आपापल्या गल्लीत आपणच वाटायचं असतं. बावीस घरं. मी त्याचं घर शेवटी ठेवलं. त्याच्या टपालपेटीचं झाकण त्यानंच बनवलेलं, लाकडी, आवाज न करता बंद होणारं. मी ब्लाट अर्धं आत सरकवलं आणि तशीच उभी राहिले. बाहेर काढून खिशात घालावं, निदान त्याच्या बायकोनं तरी वाचायला नको. खिडकीचा पडदा हलला. मी ते आत ढकललं आणि घरी आले.

संध्याकाळी तुझी नात ब्लाट घेऊन स्वयंपाकघरात आली. ती माझ्याशी जर्मनमध्येच बोलते, मी मराठीत. "ओपा खरंच असं म्हणाला?" मी हो म्हटलं. तिनं विचारलं, "मग तो मला काय समजतो?" मी फोडणी जळू दिली, आई.

पुढचं थोडक्यात सांगते. बेकरीत दोन बायका मला बघून बोलायच्या थांबल्या. एकीनं भर रस्त्यात माझा हात धरून "शाब्बास" म्हटलं, आणि मला ते त्या गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त अवघड वाटलं. बँडच्या वार्षिक कार्यक्रमाची बातमी त्यांनी ब्लाटला दिलीच नाही. एका दुपारी शेजाऱ्याची बायको आली, बागेतून, आणि आमच्या पायरीवर बसली. म्हणाली, "मी शेजारीच बसले होते त्याच्या. तो म्हणाला ते. तू चूक छापलं नाहीस." मग म्हणाली, "पण तुझ्या मुलीला अजून येऊ देशील ना आमच्याकडे? तो विचारत नाही, मी विचारतेय." मी म्हटलं, ते तिचं ती ठरवेल. नात दोन आठवडे गेली नाही. मग एक दिवस गेली. त्यानं तिला काय सांगितलं ते ती मला सांगत नाही, आणि मी विचारत नाही. कंटेनर आले, त्यांत तीन कुटुंबं आली. त्यांच्यातली एक बाई माझ्याच बसनं जाते. तो माझ्याशी अजून बोलत नाही. डबे बाहेर काढताना भेटलो की मान हलवतो, तुम्ही म्हणायच्या माणसाला हलवावी तशी.

तू पुसलंस ते बरोबर केलंस, असं मी आजही म्हणणार नाही. मास्तरांच्या तोंडाकडे बघून ते म्हणता येणार नाही. पण त्या पेटीपाशी उभी असताना मला कळलं की भित्री हा शब्द किती सोपा होता, आणि तो मी तुझ्या स्वयंपाकघरात, तू केलेली भाकरी खात म्हणाले होते. माझ्याकडे नोकरी आहे, नवरा आहे, घर आहे, तरी माझी ही गत झाली. तो शब्द मी परत घेते. तुझ्यापर्यंत हे पोचणार नाही, आणि तू असतीस तर मी हे लिहिलंच नसतं. फोनवर हवापाणी विचारून ठेवून दिला असता.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी नवऱ्याला सांगितलेली नाही, संपादकबाईंनाही नाही. त्या सभेत त्याचं वाक्य नातींपाशी संपलं नव्हतं. टाळ्या चालू असताना त्यानं पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू नव्हे हं. तू तर आमच्यातलीच." सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला, हसऱ्या चेहऱ्यानं. वृत्तांतात एवढंच मी गाळलं. कारण ते लिहिलं असतं तर माझं उत्तरही लिहावं लागलं असतं. मी हसले होते, आई. हसून म्हणाले होते, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.