नऊ दिवसांची टोपी

व्हालदोरेश, २८ जुलै १६८१

लाडक्या ब्रिजिदास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बदाम यंदा बरे लागलेत. तू पाठवलेलं चीज पोचलं. खारट होतं, तुझा हात नेहमीचाच.

डोकेदुखीसाठी तुझ्या तेक्लाला माझ्याकडे पाठवलंस ते बरंच केलंस. आपल्या आईच्या टोपीनं बरं न झालेलं डोकं या पंचक्रोशीत नाही. लवंग, जायफळ, रोझमेरी ताजी कुटली, दोन कापडांत भरून टोपी शिवली. पोरीचं डोकं भादरलं, टोपी चढवली, हनुवटीखाली टाके घातले. नवव्या दिवशी, हुतात्मा संत कुगातांच्या सणाला, त्यांच्या वेदीपुढंच ते उसवायचे. रीत तुला ठाऊक आहे.

पोर फार किरकिरी गं! तिसऱ्या दिवसापासून एकच धोशा, "मावशी, काढ ना, आत काहीतरी वळवळतंय." मी म्हटलं, "संतांचा गळा चिरला, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. तुला टोपी जड होते होय, महाराणी?" शेजारीण म्हणाली, "कितेरिया, वास येतोय." म्हटलं, "तुझ्या नाकाला औषधातलं कधीपासून कळायला लागलं?" तेक्ला नखांनी टाके ओढायची, तुझ्यासारखीच हट्टी. शेवटी हात बांधले तिचे.

आठव्या दिवशी ती गप्प झाली. मी गल्लीभर सांगत सुटले, "बघा, थांबलं डोकं!"

ब्रिजिदा, भादरताना वस्तरा लागला होता. बोटभर चीर. मी पाहिली होती. रक्त पुसलं आणि टोपी चढवली, नाहीतर सण चुकला असता. मधेच उघडली असती तर लोक म्हणाले असते, हिला आईची सर नाही. वेदीपुढं टाके उसवले तेव्हा जखमेत अळ्या होत्या. श्वास चालू होता, संध्याकाळपर्यंत.

उन्हाळ्यात थांबता येत नाही, म्हणून पुरलं. गाव म्हणतं, पोर हुतात्म्यांच्या वाटेनं गेली. बायका तिच्या टोपीचे दोरे मागायला येतात, मी देते. तू आलीस की तुझेही हात चुंबतील. वस्तऱ्याचं कुणाला बोलू नकोस, तुझ्याच लेकीची थोरवी जाईल.

ती संतांचं नाव घेत गेली, असं मी पाद्रीबाबांना सांगितलंय. घेतलं नव्हतं. गप्प होईपर्यंत रोज म्हणत होती, "आईला बोलव." तुझं जिरोना दोन दिवसांच्या वाटेवर. मी निरोप धाडला नाही.

तुझीच, आता तुझी कोण ते तूच ठरव,
कितेरिया