बूथ कुणी बुडवला

आकुर्डी,
७ डिसेंबर

सौ. पुनमताईस,
आदिनाथचा नमस्कार. मी खुशाल आहे. मित्राच्या खोलीवर जमतंय, मेसचं जेवण बरं आहे, या आठवड्यात पहिली शिफ्ट. आरोहीचे पेपर कसे गेले? खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तू "मामंजी जेवत नाहीत रे" म्हणतेस, मी "होईल बरं" म्हणतो आणि ठेवून देतो. लिहिताना तसं पळता येत नाही.

निकालाच्या दिवशीचं तू ऐकलंयस, मी पाहिलंय. पंधरा वर्षं आमदार असलेले आबाजी पडले. संध्याकाळी त्यांनी आम्हा कार्यकर्त्यांना बंगल्यावर बोलावलं. आपल्या गावच्या बूथवर ते दोनशे मतांनी मागे, आणि बूथप्रमुख तुझे सासरे, सोपानमामा. आबाजींनी सगळ्यांदेखत विचारलं, "सोपान, किती घेतलेस?"

मामा म्हणाले, "आईची आण आबाजी, म्या एक घर सोडलं न्हाई."

आबाजींनी त्यांच्या कानाखाली मारली. बासष्ट वर्षांच्या माणसाच्या. टोपी खाली पडली. ती मीच उचलून दिली, ताई. आणि गप्प बसलो.

बूथ मी बुडवला होता.

प्रचाराच्या दिवसांत बौद्ध वस्तीतल्या बायका पाण्यासाठी बंगल्यावर आल्या होत्या. पुढे कस्तुराबाई, आपल्याला बालवाडीत हात धरून अक्षरं गिरवायला लावणाऱ्या. आबाजींनी हात जोडले, चहा पाजला, शब्द दिला. बायका फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच मला म्हणाले, "खुर्च्या धुऊन घे." आणि मी धुतल्या. पाईप लावून धुतल्या. मग स्वतःच्याच हातांची शिसारी आली.

मामांनी माझ्या वाट्याला साठ घरं दिली होती. मतदार चिठ्ठ्या वाटताना प्रत्येक दारात मी हळूच सांगत गेलो, "यंदा बदला." आणि मामा माझ्या पाठीवर हात ठेवून चारचौघांत म्हणायचे, "ह्यो हाय म्हणून मला घोर न्हाई."

आबाजी पडले याचं मला वाईट वाटत नाही. वाटलं होतं, आता काही तरी बदलेल.

काल रावेतला एका बिल्डरच्या घरी साखरपुडा होता, मित्राबरोबर मीही गेलो होतो. एकाच सोफ्यावर नवे आमदार आणि आबाजी, एकमेकांना पेढा भरवत होते. आबाजी त्यांच्याच पक्षात गेलेत. मी सरळ पुढे गेलो. म्हटलं, "आबाजी, तुमचा बूथ मी फोडला. सोपानमामांनी नाही."

ते हसले. "सोड रे! आता आपण सगळे एकच. पेढा घे."

"आणि मामांना मारलंत ते?"

"तापलो होतो तेव्हा," म्हणाले, आणि फोटोसाठी तिकडे वळले.

एवढंच. इकडे मामा पंधरा दिवस उंबरा ओलांडत नाहीत, आणि गाव त्यांनाच फितूर म्हणतंय. आबाजींची किळस येते, पण त्यांनी एकदाच मारलं. मी गप्प राहून रोज मारतोय.

हे पत्र मामांना वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. रविवारी सकाळी दूध घालायला सगळं गाव डेअरीवर येतं, तेव्हा मी तिथे उभा राहून हेच मोठ्याने सांगणार आहे. नंतर तुझ्या दाराशी येईन. आत घ्यायचं की नाही ते मामा ठरवतील. तू माझ्यासाठी शब्द टाकू नकोस.

अजून म्हणवत असेल तर, तुझा भाऊ
आदिनाथ