हे बिल नाही

१४ नोव्हेंबर

प्रिय आर्डिस मावशीस,

आदरपूर्वक नमस्कार. तुझा खुबा आता जिना चढू देतो का? ॲरिझोनात अजून पंखा लागतो असं तू लिहिलंस, ते वेंडेलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मावशीला सांग, थोडी गरमी पाकिटात घालून पाठव. इथे ओहायोत काल भुरभुर बर्फ पडलं. कागदाबद्दल माफ कर. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘हे बिल नाही’ असं छापलेलं आहे. ऑगस्टात वेंडेलच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून विमा कंपनीने अशी एकेचाळीस पत्रं पाठवली, आणि प्रत्येकाच्या मागोमाग चार दिवसांनी बिल आलं. कागद मात्र जाड आहे. फेकवत नाही.

वेंडेल बरा आहे. जरा जास्तच बरा दिसतो, आणि अडचण तिथूनच सुरू झाली. विम्याने आपला वाटा दिल्यावर आमच्या डोक्यावर अकरा हजार सहाशे डॉलर उरले, तेव्हा गावाने अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आमच्या मदतीसाठी तिकीट लावून स्पॅगेटीचं जेवण ठेवलं. (तू दोनशे पाठवले होतेस. त्यांची नोंद वहीत आहे आणि मनातही.) असल्या जेवणांत मी वीस वर्षं दुसऱ्यांसाठी पाव कापले आहेत, पण आपल्याच नवऱ्याचा फोटो मदतीच्या बरणीवर चिकटवून ती पेट्रोल पंपावर ठेवणं निराळं. त्यात हा दोन महिने मीठ सोडून गुलाबी झालेला. हॉलचं स्वयंपाकघर रोवेना टटलच्या ताब्यात होतं. ती झारा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “अरे, जरा खोक तरी. लोकांनी आठ-आठ डॉलर मोजलेत.” वेंडेल म्हणाला, “माझं हृदय बिघडलं होतं, फुप्फुसं नाहीत.” “ते कुणाला कळतंय? खोक.” तो खोकला. फार वाईट खोकला, तरी सहा हजार तीनशे चाळीस जमले.

लोकांचे पैसे घरात नकोत म्हणून दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, तीस सप्टेंबरला, मी ते खात्यात भरले. सोमवारी कळलं की इस्पितळात गरजूंचं बिल माफ करण्याचा फॉर्म असतो. त्यात प्रश्न होता : गेल्या महिनाअखेरीस खात्यात शिल्लक किती? मी खरी लिहिली. अर्ज नामंजूर. खिडकीवरची बाई हळूच म्हणाली, “खात्यात आज भरले असते ना, तर झालं असतं हो.” रोवेना एवढ्या हळू बोलली नाही. “तू आणि तुझं कॉलेज! माझ्या कॉफीच्या डब्यात ठेवायचे. डब्याला कोण विचारतंय?” डब्यातले पैसे कुणाचे धरायचे, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे. सहा आठवडे झाले, खालची ओळ कोरी आहे.

जमलेले सगळे इस्पितळात भरले. राहिले पाच हजार दोनशे साठ. वसुलीवाल्यांकडे प्रकरण गेलं तर क्रेडिट स्कोअर बुडेल, या धास्तीने मी तेही एका फटक्यात क्रेडिट कार्डावर चुकते केले. फार स्वच्छ वाटलं. हे स्वच्छ वाटणं दहा दिवस टिकलं. मग गाडीचा गिअरबॉक्स गेला, आणि मी दुसऱ्या गाडीसाठी पतपेढीत कर्ज मागायला गेले. तिथल्या मुलीने स्कोअरचा आकडा दाखवला : सातशे दोनचा सहाशे अठरा. कार्ड काठोकाठ भरलं म्हणून. वर सत्तावीस टक्के व्याज. “इस्पितळाने महिन्याला शंभर घेतले असते, बिनव्याजी,” ती म्हणाली. “विचारलं नाहीत?” नाही विचारलं, मावशी. मला वाटलं, हप्ते मागणं म्हणजे टाळाटाळ करणं. (की मला फक्त कुणापुढे मिंधं दिसायचं नव्हतं? तेही वहीत आहे.)

वेंडेलला आठवड्यातून तीनदा चाळीस मैलांवर, यंत्रं लावून व्यायामाला न्यावं लागतं. जानेवारी संपेपर्यंत. यात खंड पडला तर तो पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईल, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते उगाच घाबरवणारे नाहीत. सध्या रोवेना नेते. पण डिसेंबरात तिच्याच गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. (जेवण आम्ही ठेवू. पाव मी कापीन.)

बाकी सर्व ठीक.

तुझी भाची,
ग्लेनिस

ता. क. : पतपेढी म्हणते, स्वच्छ क्रेडिटचं कुणी जामीन राहिलं तर गाडीचं कर्ज मिळेल. घ्यायची तीही जुनीच आहे, सात हजारांची. तू बत्तीस वर्षं बँकेत काढलीस, म्हणून तुझं नाव आठवलं. सारं पत्र याचसाठी लिहिलं, हे आता कबूल करते.

ता. क. २ : जामीन राहू नकोस. माझा एक हप्ता चुकला तर डाग तुझ्या नावावर लागेल, आणि तुला अजून दुसरा खुबा करायचा आहे. जामिनाचा फॉर्म पाठवत नाही.

ता. क. ३ (पाकिटाच्या पाठीवर) : फॉर्म वेंडेलने आत घातला होता, मी काढला होता. मी कोट घालून येईपर्यंत त्याने पाकीट चिकटवून ठेवलं आहे, आणि ते मघापेक्षा जाड लागतंय. मी उघडून बघणार नाही. जास्तीचं एक तिकीट तेवढं लावते.