छप्पर माझ्या देखरेखीखाली

रविवार, ८ जून

कॅम्पवर पोहोचलो. चर्चची नऊ मुलं, एक व्हॅन आणि मी. काम सोपं आहे: तळ्याकाठच्या केबिनवर नवं छप्पर. पुढच्या रविवारी लहान मुलींची पहिली तुकडी येते. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या अंथरुणांवर पाणी गळलं आणि निम्म्या मुलींना आईबाप घरी घेऊन गेले. यंदाही गळलं तर कॅम्प बंद करायची पाळी येईल, असं आर्डिस म्हणाली. आर्डिस कॅम्पची व्यवस्थापक. तिला म्हटलं, बाई, निर्धास्त राहा. विमा कंपनीत वीस वर्षं मी छपरांचेच दावे तपासलेत. (खालून, दुर्बिणीतून. पण तपासलेत.)

सोल्वेगही आली आहे. माझी मुलगी, वय सतरा. सप्टेंबरात कॉलेजला जाणार, म्हणजे घरातून गेलीच म्हणायची. गेलं वर्षभर ती माझ्याशी बोलली ती मुख्यतः गाडीच्या किल्ल्यांबद्दल. आठवडाभर एका छपरावर बसलं की माणसं जवळ येतात, असा माझा हिशेब. येताना व्हॅनमध्ये ती अगदी मागे जाऊन बसली. तिथे हवा चांगली लागत असणार.

संकल्प: ओरडायचं नाही. कॉफी दिवसाला चारच कप. सोल्वेगला चारचौघांत 'पिल्लू' म्हणायचं नाही.

सोमवार, ९ जून

सकाळी आर्डिसने कॅम्पचा नकाशा पुढे केला. मी हसून परत दिला. मी लहानपणी इथल्या तळ्यात पोहायला शिकलोय. मला कसला नकाशा दाखवता! तळ्याकाठी दोन केबिनी आहेत. एक झाडीमागे, ती बरी दिसते. दुसरीचं छप्पर बघवत नव्हतं. निम्म्या शिंगल्स, म्हणजे छपरावरच्या डांबरी पट्ट्या, उपटलेल्या, खालच्या फळ्या उघड्या पडलेल्या. अनुभवी नजरेला वेगळं सांगावं लागत नाही. कामाला लागलो.

सोल्वेग आत डोकावून आली. म्हणाली, बाबा, आत एकही कॉट नाहीये. दारसुद्धा नाही. मी समजावलं, काम काढलं की आधी सामान हलवतात. ती म्हणाली, बाबा, तू एकदा आर्डिसला विचार ना. किती जीव लावते कामाला!

दुपारी आर्डिस आली. वर बघत बराच वेळ उभी राहिली. मी वरून सगळी योजना समजावून सांगितली. मग ती म्हणाली, वेगळंच आहे हं. आता आमच्या मिनेसोटात 'वेगळं आहे' कधी म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. माझी सासू लाल जेलीत गाजर किसून घालते, ती गिळताना सगळे तेच म्हणतात. पण आर्डिसचा सूर कौतुकाचा होता.

कॉफी सात कप. पहिला दिवस धरायचा नसतो.

मंगळवार, १० जून

पाठ धरली आहे. गुडघाही.

मायका नावाचा एक सहा फुटी मुलगा आहे. म्हणाला, रोल्फकाका, खडूची दोरी मारून घेऊ या का, ओळ सरळ येईल. मी म्हटलं, बाळा, नजर हीच दोरी. संध्याकाळी खालून पाहिलं तर ओळ तळ्याच्या बाजूला किंचित झुकलेली. पाण्याला शेवटी तिकडेच जायचंय.

चार मुलांचं पोट बिघडलं. दुपारची हॉटडिश, म्हणजे आमचं ते मांस-बटाट्याचं भाजलेलं मिश्रण, बाधली असणार. त्यांनी पोट जेवणाआधीच धरलं होतं, पण असो.

ओरडलो. एकदाच. म्हणजे दुपारपर्यंत एकदाच.

बुधवार, ११ जून

आज हाताखाली फक्त दोघं, त्यातली एक सोल्वेग. बाकीची पोटदुखी. आमच्या पिढीत पोट दुखलं तरी माणूस छपरावर चढायचा.

शिंगल्सचे गठ्ठे कमी होत आहेत. काल ढीग कमरेएवढा होता, आज गुडघ्याएवढा. सोल्वेगला विचारलं, तर ती दुसरीकडे बघत म्हणाली, रॅकून असतील. एकेक गठ्ठा तीस किलोचा, आणि रॅकून हा मांजराहून थोडा मोठा प्राणी. इथले रॅकून बरेच धष्टपुष्ट दिसतात.

तळ्यावरून प्रतिध्वनी फार येतो. मी हातोडा खाली ठेवला तरी झाडीमागून ठोकण्याचा आवाज बराच वेळ येत राहतो. निसर्गाची गंमत.

आर्डिस लिंबाच्या बार्सचं, म्हणजे गोड वड्यांचं, ताट घेऊन आली. ताट हातात धरूनच म्हणाली, रोल्फ, झाडीमागच्या केबिनकडे एक चक्कर मारावी, असं काही तुझ्या मनात नाही ना? म्हटलं, छे, एका वेळी एकच काम. ती घाईघाईने म्हणाली, नाही नाही, मी आपलं सहज. बिचारीला माझ्या श्रमांची काळजी वाटते.

बार्सचा शेवटचा तुकडा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे कुणीच घेतला नाही. प्रत्येकाने येऊन त्याचा अर्धा कापून नेला. संध्याकाळी ताटात नखाएवढा उरला होता. तो मी खाल्ला. नेत्याला हे करावं लागतं.

गुरुवार, १२ जून

एक पद्धत लक्षात आली. रोज सकाळी मुलं कोपऱ्यात घोळका करतात आणि मग कुणीतरी एक माझ्याकडे येतं. आज ब्रिट्टा आली. मला वाटतं, माझ्याकडून शिकायची संधी सगळ्यांना मिळावी म्हणून पाळ्या लावल्या असाव्यात. मी न सुचवता. डोळे भरून आले.

सोल्वेग मात्र रोज असते.

दुपारी ब्रिट्टा पाणी आणायला गेली आणि आम्ही दोघंच वर होतो. सोल्वेग एकदम म्हणाली, मला कॉलेजची भीती वाटते रे बाबा. सगळ्यांना वाटतं मी कधी जातेय याची वाट बघतेय, पण रात्री झोप येत नाही. मी लगेच उपाय सांगणार होतो. तीन मुद्दे तयारही होते. पण तोंडात खिळे धरलेले. त्यामुळे ती बोलत राहिली. होणाऱ्या रूममेटबद्दल बोलली, आईबद्दल बोलली, ती गेल्यावर घरात आम्ही दोघं नवराबायको एकमेकांशी काय बोलू याबद्दलही बोलली. खूप वेळ. खिळे संपले तरी मी तोंड मिटूनच ठेवलं.

आजचा दिवस चांगला गेला. ओळ फार वाकडी आली, पण चांगला गेला.

शुक्रवार, १३ जून

छप्पर पूर्ण! आढ्यावरची शेवटची शिंगल मी स्वतः ठोकली. अंगठ्यासकट.

लगेच पाऊस आला. आत जाऊन उभा राहिलो. एका ठिकाणी ठिबकत होतं. मग चार ठिकाणी. माझ्या नोकरीत ठिबकणं आणि गळणं यांत फरक असायचा आणि त्या फरकावर मी कित्येक दावे फेटाळलेत. उद्या थोडं डांबर लावलं की झालं.

उद्या कॉट लावून घ्यायच्या. मग छोटंसं भाषण करावं म्हणतो. कुणी आग्रह केला तर.

शनिवार, १४ जून

आग्रह कुणी केला नाही.

सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, चला, मुलींच्या कॉट आत आणा. कुणी हललं नाही. नऊच्या नऊ मुलं आपापल्या बुटांकडे बघत होती. आर्डिससुद्धा.

तेवढ्यात पिकअपमधून वेंडेल उतरला. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख. वर बघितलं, टोपी काढली आणि हळूच आर्डिसला विचारलं, हे कुणी केलं?

ही केबिन सप्टेंबरात जाळायची आहे. दलाच्या सरावासाठी. डांबरी शिंगल्स जाळायला बंदी आहे, म्हणून त्याच्या लोकांनी दोन शनिवार खपून निम्म्या उपटल्या होत्या. बाकीच्या उपटायला तो आज आला होता. निम्म्यांच्या जागी आता सगळ्या झाल्या होत्या. वर नव्या.

मला झाडीमागे नेलं. तिथली केबिन बरी दिसायची ती रस्त्यावरून. मागची बाजू पार कुजलेली होती. आता तिच्यावर नवं छप्पर होतं. ओळी फूटपट्टीने आखल्यासारख्या. मुलींच्या कॉट आत, कोरड्या, चादरी घातलेल्या. मंगळवारपासून मुलं तिथेच होती. पोटं ठणठणीत होती.

मी विचारलं, मला कुणी सांगितलं का नाही? आर्डिस म्हणाली, अरे, मी नकाशा दिला होता की. आणि तू इतका मन लावून करत होतास. मायका म्हणाला, काका, तुम्हाला वाईट वाटलं असतं. आता किती वाटतंय, ते त्याने विचारलं नाही.

रोज सकाळी चिठ्ठ्या टाकायचे. ज्याचं नाव निघेल त्याने त्या दिवशी माझ्याबरोबर राहायचं. हे ब्रिट्टाने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिलाच रडू आलं. मीच तिची समजूत घातली. मग म्हणाली, सोल्वेगचं नाव चिठ्ठ्यांत नव्हतं काका. ती घालूच द्यायची नाही.

जेवलो नाही. फार थकलो आहे. इतका की कॉफीचे कपही मोजले नाहीत.

रविवार, १५ जून

प्रार्थना झाल्यावर शिंगल्स उपटायला गेलो. कुणाला बोलावलं नाही. पाहतो तर सोल्वेग आधीच वर बसलेली, हातात पहार.

दोन दिवस लागतील असा माझा अंदाज. जेवणाच्या घंटेआधी संपलं. खिळे सगळे भलतीकडेच मारले होते म्हणे, नुसता हात लावला की ओळच्या ओळ सुटायची. वेंडेल खालून म्हणाला, रोल्फ, उपटायला इतकं सोपं छप्पर मी जन्मात पाहिलं नाही, थँक्यू. आठवड्याभरात मिळालेलं हे पहिलं मनापासूनचं कौतुक. नाकारण्यात अर्थ नव्हता.

दुपारी लहान मुलींची बस आली. सगळ्या ओरडत झाडीमागे पळाल्या. छपराकडे एकीनेही वर बघितलं नाही. बरोबरच आहे, चांगल्या छपराकडे कुणी बघत नाही.

आम्ही उघड्या फळ्यांवर बसलो होतो. मी विचारलं, तुला सोमवारीच कळलं होतं ना? म्हणाली, हो. म्हटलं, मग तिकडे मुलांबरोबर गेली असतीस. जाळायच्या छपरावर पाच दिवस खिळे कशाला मारत बसलीस?

म्हणाली, बाबा, मी छपरासाठी आलेच नव्हते.

यावर बापाने काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. आठवडाभर मी याच क्षणाची वाट बघत होतो. मी म्हटलं, त्या कोपऱ्यातला एक खिळा राहिलाय बघ.

तिने तो काढला.