शिवून बंद केलेले पान

प्रिय लेकी,

या क्षणी तू माझ्या पायांखालीच आहेस. खालून तुझ्या दाबयंत्राचे चाक फिरल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ शांतता. म्हणजे तू पुस्तकाचे फर्मे, ते दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवायला बसली आहेस. तेरा पायऱ्या उतरून जे सांगता आले असते ते मी वर बसून लिहितो आहे, यावरूनच तू ओळखशील की ते तोंडाने उच्चारण्याचे धैर्य माझ्याजवळ नाही. ज्याने आयुष्यभर चारचौघांना धर्मग्रंथाचा अर्थ उलगडून सांगितला, त्याला स्वतःच्या मुलीपुढे शब्द फुटू नये, ही परमेश्वराने माझी केलेली थट्टाच म्हणायची.

काल जेवताना तू सहज म्हणालीस, "बाबा, सोमवारी साडेसातला तयार राहा हं. खारूताईला तुमच्याजवळ बसवते, आणि मग शाळेत सोडते." त्यावर जावई म्हणाले, "तिचं काय लिहायचं ते मी आत्ताच सांगतो, मामंजी. जन्मभर चिखलात खेळेन, असं लिहा!" तू हसलीस, मीही हसलो. हसली नाही ती फक्त खारूताई. नेहमीप्रमाणे गालात घास धरूनच तिने मला विचारले, "आजोबा, उत्तर चुकलं तर?" मी ताट बाजूला सारले. तू विचारलेस तेव्हा मी भाजी तिखट झाल्याचे सांगितले. भाजी तिखट नव्हती.

आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे, पण आज ती मला परक्या माणसाच्या डोळ्यांनी पाहू दे. मूल पहिल्यांदा शाळेला निघाले की घरातला वडीलधारा त्याला याच खोलीत आणतो, कडी लावतो आणि विचारतो, मोठेपणी तू काय करशील? मिळालेले उत्तर तो धर्मग्रंथाच्या अखेरीस बांधलेल्या कोऱ्या पानांपैकी एकावर लिहितो. मग ते पान दुमडून कडेने शिवून टाकायचे आणि मूल अठरा वर्षांचे झाले की सर्वांसमक्ष टाके उसवून वाचायचे. त्या वयात वाणी निर्मळ असते, तिच्यातून परमेश्वरच बोलतो, म्हणून ते वचन मोडायचे नाही. हे मला माझ्या वडिलांनी सांगितले, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

काल जेवणानंतर मी ती सारी उसवलेली पाने ओळीने वाचून काढली. चार पिढ्या, अकरा मुले. अकराही जणांना पाचव्या वर्षी पुस्तकबांधणीच करायची होती. एकालाही आगगाडी चालवायची नव्हती, एकाही मुलीला मिठाईचे दुकान काढायचे नव्हते. माझ्या पानावर वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे, "मी ग्रंथांची सेवा करीन." मला मात्र तो दिवस लख्ख आठवतो. त्या बंद खोलीत मी एकच वाक्य बोललो होतो, आणि ते मला लघवीला लागल्याचे होते.

म्हणजे, लेकी, मला ठाऊक होते. अठराव्या वर्षी ते पान ऐकताना ठाऊक होते, आणि तुला घेऊन या खोलीत बसलो तेव्हाही ठाऊक होते. तरीही मी लेखणी उचलली.

तुझे पान वाचले त्या दिवशी तुझी बॅग भरून दारापाशी ठेवलेली होती. पूल बांधण्याच्या शिक्षणासाठी तुझी निवड झाली होती, आणि सकाळची गाडी होती. मी टाके उसवले आणि वाचले, "मी सेवेसाठी याच घरात राहीन आणि ग्रंथ बांधीन." तुझी आई तिथल्या तिथे म्हणाली, "पाच वर्षांची पोर सेवेसाठी म्हणाली? अहो, हिला तेव्हा स धड म्हणता येत नव्हता!" मी तिला शास्त्राचा दाखला देऊन गप्प केले. तू इतकेच म्हणालीस, "माझंच बोलणं आहे, बाबा. मोडू कसं?" आणि बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात परत ठेवलेस. आई अखेरपर्यंत त्या विषयावर माझ्याशी बोलली नाही.

मी तसे का केले, याला मी पुष्कळ वर्षे परंपरा, कर्तव्य अशी भारदस्त नावे दिली. खरे कारण लहान आणि लाजिरवाणे आहे. ज्या घरात मी अडकलो होतो, त्या घरात मला सोबत हवी होती.

रविवारी तू उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा पूल करून खारूताईला देतेस. ती खेळायला निघून गेली की त्यावर एकेक वजन ठेवत तो किती भार सोसतो ते पाहत बसतेस. मी जिन्यातून पाहिले आहे, आणि दर वेळी पाऊल न वाजवता वर परत आलो आहे.

सोमवारी मी खारूताईला काही विचारणार नाही. तिला सांग, चुकण्यासारखे उत्तर तिच्याकडे कुणी मागणार नाही. परंतु हे पत्र त्यासाठी लिहिलेले नाही. तू त्या सकाळी खरोखर काय म्हणालीस, ते सांगण्यासाठी आहे. नव्या बुटांकडे पाहत तू म्हणालीस, "आधी शाळा बघून येते ना, बाबा. उद्या सांगते." आणि दुसऱ्या दिवशी तू शब्दाप्रमाणे आलीस. या दारावर तुझी थाप पडली तेव्हा मी शेवटचा टाका घालत होतो. काम आहे, जा खेळ, असे मी आतूनच ओरडलो. मग तू पायऱ्या उतरून गेल्याचा आवाज आला. छत्तीस वर्षे झाली. तुझी क्षमा मागण्याचा मला अधिकार नाही. पण तू त्या दिवशी काय सांगायला आली होतीस, ते मला अजून माहीत नाही.

तुझाच, वरच्या खोलीतला,
बाबा