शेंडीच्या ताऱ्याचं साल

४ एप्रिल ६६, धाड
शाळेच्या संस्थेचं पत्र. ३१ मेला अठ्ठावन्न पूर्ण, मी निवृत्त. रजिस्टरात जन्म १ जून १९०८.
खोटं. मी १९१० ची. कॉन्व्हेंटमध्ये सहा पूर्ण लागत. वडिलांनी, आमच्या दादांनी, चार वर्षांच्या मला सहाची सांगितलं. सिस्टरनी माझे सगळे दुधाचे दात पाहिले, हसल्या, लिहून घेतलं. त्यांचं ते हसू अजून आठवतं.
येत्या जूनपासून गावात पहिल्यांदा मुली अकरावीला. सात जणी. इंग्रजी शिकवणारी मी एकटी. मी गेले की वर्ग बंद, आणि सातही जणींची लग्नं. जाणार नाही.

९ एप्रिल
हेडक्लार्क वानखडेबाबू म्हणतात, जन्मदाखला आणा. उंद्रीचं जन्माचं बुक वाळवीनं खाल्लं. नक्कल नागपूरला गेली होती म्हणे, तिथून मुंबईला; आता पत्ता नाही. आम्ही जागचे हललो नाही, राज्यंच बदलत गेली.

१७ एप्रिल, उंद्री
आत्याकडे. ऐंशीच्या पुढची, पण आठवण लख्ख. "तू झाली तवा पहाटे शेंडीचा तारा दिसे. लोक म्हणत, पोरगी अपशकुनी. म्या म्हटलं, तारा तिले पाहाले आला."
म्हणजे १९१० चा धूमकेतू. दोघी हिशेब करत बसलो. मानमोडीच्या साथीत आई गेली, मी आठची. पोलीस ॲक्शनच्या साली निजामाच्या सरहद्दीपलीकडून आलेल्या बायांना शाळेत ठेवलं, अडतीसची. त्यांच्यासोबत आत्यालाही सही शिकवली. चीनच्या लढाईत मुलींबरोबर जवानांसाठी मोजे विणले, बावन्नची. सगळं जुळतं. कागद तेवढा नाही.

२ मे, बुलढाणा
आत्याला घेऊन यष्टीनं, शिक्षण खात्याच्या कचेरीत. साहेब: "बाई, तारा म्हणजे काही दाखला नव्हे."
आत्या: "दाखला वाळवीनं खाल्ला. तिले बोलवा साक्षीले."
साहेब हसले. आत्याच्या जबानीवर अंगठ्यासाठी शाई पुढे केली. "सही येते मले." पुरती पाच मिनिटं लावली. कुणाची घाई करायची छाती झाली नाही.
मग साहेबांनी बजावलं, अर्ज फेटाळला तर खोट्या तारखेबद्दल माझीच चौकशी. तरी लिहिलं: वडिलांनी वय खोटं सांगितलं, मी शिकावं म्हणून. शेवटचे तीन शब्द खोडा म्हणाले. खोडले नाहीत.
दादा, रागावू नका.

३१ मे
उत्तर नाही. वानखडेबाबू निरोपाचा नारळ घेऊन घरी. "बाई, निदान नारळ तरी—"
म्हटलं, ठेवा. अकरावीच्या निकालाला फोडू.

२० जून
शाळा उघडली. उत्तर नाहीच. हजेरीबुकात माझ्या नावावर लाल रेघ. वर्गातली खुर्चीही काढलेली. उभ्यानं शिकवायची सवय आहे.
सहा जणी आल्या. कुसुम नाही, संध्याकाळी तिच्या घरी जाणार.
वानखडेबाबू दारात. "बाई, कोणत्या हक्कानं?"
खडू हातात होता. फळ्यावर तारीख घातली. विचारलं, "ही तरी खरी आहे ना?"
"आहे."
"मग बसा मागच्या बाकावर."
बसले नाहीत. गेलेही नाहीत. धडा पहिला सुरू केला.